‘हात आपोआप गेला’ : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

या वेळच्या टपालात काही पत्रं अशी आलीत की वरवर बघितलं तर एकमेकांशी काही संबंध नाही, एकीच्या सासूबाई, एकीची लेक, एकाचे वडील, एकीचा नवरा. पण जवळपास प्रत्येक पत्रात एक वाक्य आहेच, ‘कळतं पण आवरत नाही’. म्हणून एकत्रच घेते. पत्रं लांब होती, कापलीयत, ओळख पटेल असं सगळं काढलंय.

प्रश्न : डॉक्टर, कसं लिहू कळत नाहीये. माझ्या सासूबाई ५८ वर्षांच्या, बँकेतून रिटायर्ड, पैशाला कमी नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेलो होतो तिथली अत्तरदाणी नंतर त्यांच्या पर्समध्ये सापडली. मी गपचूप परत देऊन आले. मग दिवाळीची साफसफाई करताना दिवाणाच्या खणात एक पिशवी मिळाली, चमचे, हॉटेलातली मीठदाणी, टॅगसकट चार नेलकटर, लहान बाळाचे मोजे (आमच्याकडे लहान बाळच नाही!). गेल्या महिन्यात दुकानात गार्डने धरलं, साठ रुपयांच्या हेअरपिनांसाठी, आणि पर्समध्ये दोन हजार होते. मिस्टर त्यांच्याशी बोलत नाहीत, सासऱ्यांनी कुलदैवताची शपथ घालून घेतली. त्या नुसत्या रडतात आणि म्हणतात, ‘हात आपोआप गेला’. मावशी म्हणतात शाळेत असतानाही असं व्हायचं. हे नाटक आहे का आजार?

उत्तर : नाटक नाही. आणि तुम्ही अत्तरदाणी गपचूप परत केलीत, चारचौघांत बोभाटा केला नाहीत, त्यासाठी आधी तुमचं कौतुक.

तुम्ही जी पिशवी सापडली म्हणता ना, निदानाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. चोर माणूस वस्तू वापरतो नाहीतर विकतो. इथे नेलकटर टॅगसकट पडून आहेत आणि मोजे घालायला घरात बाळ नाही. गरज नाही, किंमत नाही, वापर नाही, तरी घेतलं, याला क्लेप्टोमेनिया म्हणतात. शब्द जुना आहे, १८३८ च्या सुमारास फ्रेंच डॉक्टरांनी रूढ केला, ग्रीक भाषेतल्या ‘चोरणे’ आणि ‘वेड’ या शब्दांवरून. दुकानात चोरी करताना पकडलेल्या सगळ्यांना हा आजार असतो असं मात्र अजिबात नाही, बहुतेकांना नसतो. आणि ज्यांना असतो त्यांच्यात बायका पुरुषांच्या साधारण तिप्पट.

आत काय होतं ते सांगते. वस्तू समोर दिसली की अंगात एक ताण चढायला लागतो, छातीत धडधड, लक्ष दुसरीकडे जातच नाही, शिंक येणार असते तेव्हा कसं सगळं अंग तिच्याकडे लागलेलं असतं तसं. वस्तू पर्समध्ये गेली की एकदम मोकळं वाटतं, काहींना तर त्या क्षणी मजाही वाटते, आणि घरी पोचेपर्यंत शरमेने जीव नकोसा. मग ती वस्तू बघवत नाही म्हणून दिवाणात. आता तुमच्या सासऱ्यांनी शपथ घातली, हेतू चांगलाच होता, पण शपथेने झालं काय तर त्या ताणात देवाची भीती मिळाली, म्हणजे प्रेशर वाढलं, आणि हा आजार प्रेशरवरच जगतो. शपथ मोडल्यावरची शरम तर वेगळीच. त्यामुळे कृपा करून आता दुसरी शपथ नको.

एक गोष्ट मात्र आधी पक्की करा, हे खरंच शाळेपासून आहे का. मावशींशी नीट बोला. कारण आयुष्यभर सरळ वागलेला माणूस साठीच्या आसपास अचानक वस्तू उचलायला लागला, सोबत बोलण्यातली लाजलज्जा गेली, गोड खाणं वाढलं, कुणाच्या दुःखाचं काही वाटेनासं झालं, तर तो मेंदूच्या पुढच्या भागाचा डिमेन्शिया असू शकतो आणि त्याचा रस्ता पूर्ण वेगळा, तिथे आधी न्यूरोलॉजिस्ट आणि एमआरआय. तुमच्या सासूबाई रडतात, लाजतात, त्यामुळे मला ती शक्यता कमी वाटते. मूडच्या आजारात, म्हणजे मेनियात पण माणसं उचलाउचली करतात, पण तेव्हा झोप कमी, बडबड, मोठमोठे बेत असं बरंच काय काय दिसतं.

उपचार आहेत. नालट्रेक्सोन नावाची एक गोळी आहे, मुळात दारूच्या आणि अफूच्या व्यसनासाठी वापरतात, मेंदूतली ती ‘मजा’ ती बोथट करते. २००९ मध्ये अमेरिकेत २५ क्लेप्टोमेनियाच्या पेशंटवर आठ आठवडे ट्रायल झाली, त्यात औषधच नसलेल्या खोट्या गोळीच्या तुलनेत चोरीची ऊर्मी आणि चोरी दोन्ही स्पष्ट कमी झाल्या. २५ म्हणजे काही फार नाहीत हे मला मान्य आहे, पण या आजारात एवढा तरी पुरावा असलेलं औषध हेच. लिव्हरची टेस्ट करून मगच देतात, आणि त्या ट्रॅमाडॉलसारखी अफूच्या जातीची दुखण्याची गोळी घेत असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं, विसरायचं नाही. सोबत डिप्रेशन असतं बऱ्याचदा, त्याचं औषध वेगळं.

गोळीइतकंच महत्त्वाचं ते टॉक थेरपीचं काम. त्यात एक जरा विचित्र वाटेल असा प्रकार आहे, डोळे मिटून ती ऊर्मी मनात आणायची आणि लगेच पुढचा सीन बघायचा, गार्डचा हात खांद्यावर, सगळे वळून बघतायत, सूनबाईंना फोन गेलाय. पुन्हा पुन्हा. म्हणजे मजेला जोडलेली तार तोडून शरमेला आधीच जोडायची, नंतर नाही. आणि घरी करायचं ते साधं, काही महिने एकट्याने दुकानात जायचं नाही, जायचंच तर हातात यादी आणि पैसे, तोंड उघडं असलेली मोठी पर्स घरी ठेवायची. तुम्ही बरोबर जा पण पोलीस म्हणून नको. बाहेर पडल्यावर झडती घेऊ नका, नुसतं विचारा, ‘आज कितीदा वाटलं?’ ज्या दिवशी त्या ‘दोनदा वाटलं’ म्हणून खरं सांगतील तो दिवस चोरी न झालेल्या दिवसापेक्षा मोठा.

कायद्याचं विचारलं नाहीत पण सासऱ्यांच्या मनात असणार. आजार आहे म्हणून चोरीचा गुन्हा आपोआप माफ होत नाही, कारण कायद्यातली वेडेपणाची सूट आपण काय करतोय हे न कळणाऱ्याला असते आणि यांना कळत असतं. नव्या भारतीय न्याय संहितेत वस्तू पाच हजारांच्या आतली, गुन्हा पहिलाच आणि वस्तू परत केली असेल तर शिक्षा म्हणून समाजसेवा आहे. पण तिथपर्यंत जायची वेळ का आणायची, आत्ताच सायकिॲट्रिस्टकडे जा. आणि मिस्टरांना सांगा आईशी बोला म्हणून, हेअरपिनांवर नको, जेवणावर बोला, क्रिकेटवर बोला.

प्रश्न : मुलगी दहावीत. डोक्यावर मागे दोन ठिकाणी केस गेलेत. स्किनच्या डॉक्टरांनी चाई म्हणून सहा महिने लावायला औषध दिलं, फरक नाही. मग एकदा रात्री बघितलं तर पुस्तक समोर आणि हात डोक्यात, एकेक केस उपटतीये! ओरडले तर म्हणे मला कळलंच नाही. आता तिचे बाबा म्हणतात टक्कल करून टाकू, म्हणजे उपटायला काही उरणारच नाही. काय करू?

उत्तर : टक्कल अजिबात नको. दहावीतल्या मुलीला टक्कल म्हणजे औषध नाही, शिक्षा आहे, आणि हात मग भुवयांवर जातो, पापण्यांवर जातो.

हा ट्रायकोटिलोमेनिया. १८८९ मध्ये एका फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने नाव दिलं, आणि शंभरात एक-दोघांना असतो म्हणजे तिच्या शाळेतही अजून कुणीतरी असेलच, फक्त स्कार्फखाली. आधी हा आजार ‘आवेग आवरत नाही’ वाल्या घरात होता, २०१३ पासून मानसिक आजारांच्या अमेरिकन पुस्तकात आणि नंतर डब्ल्यूएचओच्या नव्या यादीतही त्याला ओसीडीच्या, म्हणजे मंत्रचळाच्या शेजारी हलवलंय. पत्ता बदलला तरी उपचार तेच. चाईत चट्टा गुळगुळीत असतो, यात आखूड, तुटके, वेगवेगळ्या लांबीचे केस हाताला टोचतात, भिंगातून बघितलं तर कळतं. स्किनच्या डॉक्टरांना दोष देत नाही, मुलगी सांगत नाही तोवर चकायला होतं.

एक विचाराच, आणि रागाने नको, केस उपटून ती तोंडात घालते का, गिळते का? काही मुली गिळतात, केस पचत नाहीत, पोटात गोळा होतो आणि कधी ऑपरेशन करून काढावा लागतो. पोट दुखणं, उलट्या, भूक कमी, वजन उतरलंय असं काही असेल तर या आठवड्यातच सोनोग्राफी.

उपचाराचं नाव हॅबिट रिव्हर्सल, १९७३ पासून वापरात आहे, आणि यात सगळ्यात जास्त भरवसा त्याचाच. ‘मला कळलंच नाही’ असं ती म्हणाली ना, ते खरं आहे, म्हणून पहिलं काम कळायला लावण्याचं. पंधरा दिवस वहीत लिहायचं, कधी हात गेला, कुठे बसली होती, काय वाचत होती, कंटाळा होता का टेन्शन. (माझ्या अनुभवात गणितापेक्षा इतिहासाला जास्त हात जातो, कंटाळा हा टेन्शनचा बाप आहे.) मग हात खांद्याच्या वर जायला लागला की लगेच मूठ घट्ट आवळून मिनिटभर धरायची, नाहीतर दोन्ही हात मांडीखाली, मग पुन्हा पुस्तक. तोवर लाट ओसरते. अभ्यासाला बसताना केस ओले करून घट्ट वेणी, अंगठा आणि पहिल्या बोटाला चिकटपट्टी, डाव्या हातात दाबायचा बॉल. या लहानसहान गोष्टींना हसू नका, यांनीच काम होतं.

औषधाचं म्हणाल तर एन-ॲसिटिलसिस्टीन म्हणून एक आहे, २००९ मध्ये ५० मोठ्या माणसांवरच्या ट्रायलमध्ये घेणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांना चांगला फरक पडला आणि खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांना. पण २०१३ मध्ये मुलांवर तीच ट्रायल केली तर काही फायदा दिसला नाही. म्हणून तुमच्या लेकीला आधी वही आणि मूठ, गोळीची घाई नको. आणि तुमचं काम एकच, ‘हात काढ’ म्हणून ओरडायचं नाही. आधी दोघींनी मिळून एखादी खूण ठरवा, टेबलावर दोनदा टकटक, बास.

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे, पार्किन्सन होऊन पाच वर्षं झाली. रिटायर्ड मास्तर, आयुष्यात लॉटरीचं तिकीट घेतलं नाही, आम्हाला पत्ते खेळू दिले नाहीत. दीड-दोन वर्षांपासून मोबाइलवर रमी, ती ऑनलाइन रमी बंद झाली तर आता ऑप्शन ट्रेडिंग, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघतात. सात लाख गेलेत, आईच्या नावची एफडी पण मोडली. मध्येच मिठाईचे तीन तीन बॉक्स आणतात, रात्री उठून खातात. अजून एक गोष्ट आहे, आई लाजत सांगते, या वयात तिला फार त्रास देतात. गावात लोक म्हणतात मास्तर बिघडले. मी मुंबईत, महिन्यातून एकदा जातो. काय समजायचं?

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकच शोधत होते, औषधांची नावं. ती तुम्ही लिहिली नाहीत. आज रात्रीच फोन करून आईंना गोळ्यांची पाकिटं वाचायला सांगा. त्यात प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल असं नाव आहे का, आणि ती गोळी कधी सुरू झाली किंवा तिचा डोस कधी वाढला. ती तारीख आणि रमीची तारीख शेजारीशेजारी ठेवा. मला जवळपास खात्री आहे काय दिसेल त्याची.

पार्किन्सनमध्ये डोपामिन कमी पडतं, हात थरथरतो, चाल अडकते. या गोळ्या डोपामिनचं सोंग घेऊन काम करतात आणि चाल सुधारते, खरंच सुधारते, म्हणून डॉक्टर देतात. पण मेंदूत डोपामिन नुसतं चालण्यासाठी नसतं, ‘अजून एकदा, अजून एकदा’ ही जी ओढ असते तिचंही इंधन तेच. त्या भागाला गरजेपेक्षा जास्त मिळालं की जुगार, खरेदी, खाणं आणि कामेच्छा, या चार गोष्टी उसळतात. तुमच्या पत्रात चारातल्या तीन आहेत. २०१० मध्ये अमेरिका-कॅनडातल्या ३,०९० पार्किन्सन पेशंटचा मोठा अभ्यास आला, त्यात १३.६ टक्के लोकांना यातलं किमान एक होतं, या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांत १७.१ टक्के, न घेणाऱ्यांत ६.९. म्हणजे या गोळ्या घेणाऱ्या सहा जणांमागे एक! आणि तरी पेशंट सांगत नाही, डॉक्टर विचारत नाहीत, कारण ओपीडीत पाच मिनिटं मिळतात आणि त्यात हात किती थरथरतो हेच बघून होतं.

म्हणून पहिलं, मास्तर बिघडलेले नाहीत. हे आईंना आधी सांगा, मग गावाला. चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याबद्दल त्यांच्या मनात काय काय चाललं असेल.

दुसरं आणि फार महत्त्वाचं, गोळी तुम्ही स्वतः बंद करायची नाही. हे मी ठळक आवाजात सांगतेय असं समजा. पार्किन्सनची औषधं एकदम तोडली तर अंग लाकडासारखं कडक होऊन ताप चढून जीवावर बेतू शकतं, आणि या गोळ्या अचानक थांबवल्या तर घबराट, घाम, टोकाची उदासी, गोळीसाठी तडफड असा प्रकार होतो, व्यसन सोडताना होतं तसाच. न्यूरोलॉजिस्टकडे जा, स्वतः जा, आईंना घेऊन जा आणि सगळं सांगा, तो लाजेचा भाग सुद्धा. एका कागदावर लिहून पुढे सरकवलं तरी चालतं. ते गोळी हळूहळू उतरवतील, लेव्होडोपा या पार्किन्सनच्या नेहमीच्या औषधावर जास्त भर देतील. उतरवल्यावर बऱ्याच जणांची ओढ काही आठवड्यांत ते महिन्यांत ओसरते. काहींची चाल थोडी बिघडते, मग डॉक्टरांना तोल साधावा लागतो, ही खरी कसरत आहे आणि घाई करून चालत नाही. बरोबर सायकिॲट्रिस्टही लागेल, कारण सात लाखांचं भान आलं की माणूस खचतो, आणि मास्तर माणूस तर जास्तच. त्या काळात ‘मी नसतो तर बरं’ असं काही बोलले तर थट्टेवारी नेऊ नका, एकटं ठेवू नका.

तोवर पैशाचं कुंपण घाला. भांडून नाही, ‘बाबा, गोळीचा परिणाम आहे, गोळी बदलेपर्यंत तीन महिने’ असं मुदत सांगून. खात्यावर दोघांची सही, यूपीआयची मर्यादा कमी, बँकेचा मेसेज तुमच्या मोबाइलवर, ट्रेडिंगचं खातं बंद, उरलेल्या एफडीची आणि घराची कागदपत्रं तुमच्याकडे. उधार कुणाकडून घेतलंय ते पण शांतपणे काढून घ्या, बहुतेक असतंच. आणि ऑप्शनमध्ये गेलेलं ऑप्शनमधून भरून काढू म्हणतील ते ऐकू नका, सेबीने २०२४ मध्ये सांगितलं की तीन वर्षांत या एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन) बाजारात उतरलेल्या किरकोळ ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात होते, आणि त्या सगळ्यांना काही पार्किन्सन नव्हता.

ता.क. सगळ्या वाचकांसाठी. याच गोळ्या रात्री पाय वळवळतात त्या आजारालाही देतात. आणि मानसिक आजारातल्या अरिपिप्राझोल या औषधाबद्दलही अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये असाच इशारा दिलाय. घेत असाल तर घाबरू नका, होतं थोड्यांनाच, फक्त घरात एकाला माहीत असू द्या.

प्रश्न : माझा नवरा रागात ताटं फेकतो, दोनदा हात उचललाय. नंतर पाया पडतो, रडतो. आता कुठेतरी वाचून आलाय की याला आयईडी म्हणतात, आजार आहे, ‘तूच मला समजून घे’ म्हणतो. खरंच आहे का असा आजार?

उत्तर : ताई, आजार आहे. त्याला आहे का ते मला नाही माहीत, आणि ते ठरवायला एक साधा प्रश्न विचारते, ऑफिसात साहेब बोलला तर काय फेकतो?

इंटरमिटंट एक्सप्लोझिव्ह डिसऑर्डर म्हणजे ठिणगी एवढीशी आणि स्फोट मोठा, ठरवून नाही, त्यातून काही मिळवायचं नाही. वर्षभरात तोडफोड किंवा मारहाणीचे तीन तरी मोठे झटके, नाहीतर तीन महिने आठवड्यातून साधारण दोनदा शिवीगाळ, आरडाओरडा. अशी माणसं सिग्नलला भांडतात, स्वतःचाच मोबाइल भिंतीवर फोडतात, नोकरी घालवून बसतात. स्फोट माणूस बघून होत नाही. बाहेर गाय आणि घरात वाघ असेल, दार लावून हात उचलत असेल, मार लागला तरी कुणाला दिसणार नाही अशा जागी मारत असेल, तर आवर घालता येतोय की त्याला! मग तो आजार नाही, ती मारहाण आहे, आणि तिला २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे. दारू पिऊनच होत असेल तर ती तिसरीच गोष्ट, आधी दारूचा उपचार.

समजा खरंच आजार निघाला, तर फ्लुओक्सेटिनसारखी औषधं आहेत, त्यांनी झटके कमी होतात, पण अर्ध्याहून जास्त लोक पूर्ण शांत होत नाहीत. सोबत तीनेक महिन्यांची थेरपी लागते, राग चढताना अंगात काय होतं ते ओळखणं, तिथून उठून बाहेर जाणं, ‘ही मुद्दाम करते’ हा जो विचार झर्रकन येतो त्याला थांबवणं. आणि हे सगळं त्याने करायचं, तुम्ही नाही. ‘समजून घे’ म्हणजे काय? अपॉइंटमेंट त्याने घेतली, औषध त्याने वेळेवर घेतलं, की तुम्ही समजून घ्यायला लागा. तोवर जोडप्याने एकत्र काउन्सिलिंगला बसायचं नाही, मारहाण चालू असताना त्या खोलीत तुम्हाला खरं बोलता येत नाही आणि बोललात तर घरी गेल्यावर त्याची किंमत पडते. पैसे, कागदपत्रं आणि एक कपड्यांचा जोड माहेरी नाहीतर मैत्रिणीकडे ठेवा. महिला हेल्पलाइन १८१, तातडीचं ११२.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, काडेपेटी दिसली की काड्या ओढत बसतो. नेटवर पायरोमेनिया वाचून झोप उडालीये.

उत्तर : झोपा. पायरोमेनिया, म्हणजे आग लावायची न आवरणारी ऊर्मी, फार म्हणजे फार दुर्मिळ आहे, आणि नऊ वर्षांच्या मुलाला विस्तवाचं कुतूहल नसेल तरच मला आश्चर्य वाटेल. काडेपेटी आणि लायटर वरच्या फळीवर, आणि देवापुढची निरांजन तुमच्यासमोर त्याला लावू द्या. लपून, पुन्हा पुन्हा, दुसऱ्याच्या वस्तूला आग लावत असेल, मुक्या जनावरांना त्रास देत असेल, शाळेतूनही तक्रारी असतील, तर मात्र मुलांच्या सायकिॲट्रिस्टला दाखवा, तिथे बहुतेक वेळा चंचलपणाचा किंवा वर्तनाचा दुसराच आजार निघतो.

डॉक्टर कुठे शोधू असं सहा जणांनी विचारलंय. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर, ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत सरकारी मनोरुग्णालयं आहेत आणि तिथे ओपीडी असते, नुसतं दाखवायला गेलं म्हणून कुणी ॲडमिट करून घेत नाही. आणि पार्किन्सनवाल्या दादांनी गोळीचं नाव मिळालं की मला कळवा, वाट बघतेय.